सगुणेच्या वाटचं बसणं

"सावत्र लेक रुसून बसली तर घाबरू नकोस, सुमती. एकटीच हसायला लागली, की मात्र जपून राहा," आत्यानं ती सासरी निघताना सांगितलं होतं, आणि सुमतीनं ते कानाआड टाकलं होतं. आत्या तेव्हा पितळी डब्यात मेतकूट दाबून भरत होती, त्यामुळे तिचा आवाज डब्यातूनच आल्यासारखा वाटला होता. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेल्या, नकाशात डोळे मिटून डॅन्यूब दाखवणाऱ्या सुमतीला असल्या बोलण्याचं हसूच आलं होतं. ठाण्याला पोचेपर्यंत ती ते विसरलीही. आज पाच वर्षांनी, भर दुपारी, नाटकाच्या मांडवात बायकांसाठी लावलेल्या चिकाच्या पडद्याआड नंदाला मांडीवर घेऊन बसलेली असताना ते एकदम आठवलं, आणि तेही उलटं होऊन. कारण सगळा मांडव हसत होता, आणि शेजारी बसलेली सगुणा तेवढी हसत नव्हती.

खेळ घरंदाज बायकांना यायला बरं म्हणून दुपारचा लावला होता. तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत मांडव, भोवती बांबूचे तट्टे, आणि तट्ट्यांच्या फटींतून आत आलेलं ऊन प्रत्येकीच्या लुगड्यावर पट्ट्यापट्ट्यांनी पडलेलं. जणू सगळ्याच जणी एकाच मागावरून उतरल्या होत्या. देवदैत्यांचं युद्ध लवकर आटपून आता फार्स सुरू झाला होता. फार्सातल्या आबासाहेबांनी लेकीवर पाळत ठेवायला तिच्या पायांत घुंगरांचे तोडे घातले होते. लेकीनं ते सोडून शेळीच्या पायांत बांधले. आबासाहेब आवाजामागं माडीवर जात, माळ्यावर चढत, "बाळे, अंधारात काय करतेस?" असं विचारत, आणि शेळी आतून प्रेमानं उत्तर देई. तेवढ्यात जावई कासार बनून आला. आबासाहेबांनी त्याला स्वतःच पाट मांडून दिला. "नजर अधू आहे ना तुझी? मग बस. माझ्या लेकीचा हात धर, पण तोंड बघू नकोस." लेकीचं काम करणाऱ्या पोराची हनुवटी रंगाखालून निळी दिसत होती. पडद्यापलीकडे पुरुषांत एक हसणं सगळ्यांच्या वर चढत होतं, ठसक्यापर्यंत जाऊन पुन्हा खाली येत होतं. ते हरिहरपंतांचं. कोर्टात भाषांतराचं काम करणारा, घरी मोजून शब्द वापरणारा सुमतीचा नवरा असा हसतो हे ठाण्यात फार थोड्यांना ठाऊक होतं. सुमतीच्या मनात आलं, यांना दिसत कसं नाही? यांचंच घर तर मांडलंय समोर. फरक एवढाच, की फार्सातल्या लेकीनं बापाला फसवायला शेळी शोधली, आणि आपल्याकडे बापानंच शेळी शोधली. ती शेळी कॉलेजात शिकलेली आहे, आणि आत्ता तिच्या मांडीवर तिचं पोर झोपलंय.

गेल्या श्रावणात सगुणेला न्हाण आलं. नंदा तेव्हा नुकती पालथी पडायला लागली होती. सगुणा माजघराच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "वहिनी, मला कावळा शिवला वाटतं." घरात सगळेच सुमतीला वहिनी म्हणत, म्हणून सगुणाही म्हणे. सुमतीला आधी आनंद झाला. नवव्या वर्षी आजीच्या हट्टापायी लग्न झालेली मुलगी आता रीतीप्रमाणे कल्याणला सासरी नांदायला जाणार. मखर करायचं, साखर वाटायची, पारनाक्यावर तिच्या सासरी माणूस पाठवायचा. संध्याकाळी हरिहरपंत बोरू तासत बसले होते तेव्हा तिनं हळूच सांगितलं. त्यांचा चाकू थांबला. "कुणाकुणाला कळलंय?" "अजून कुणाला नाही." "मग कळायचंही नाही. ती नेहमीसारखी घरात वावरेल. बाहेर तू बसायचंस. धुणं कुणाच्या नजरेला पडलं, तरी ते तुझं समजतील." मग ते खाली बघत म्हणाले, "सतरा पुरी होऊ दे तिला. मग मी स्वतः पोचवीन." यापुढचं त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. त्यांची पहिली बायको सगुणेला जन्म देऊन गेली, बारसंसुद्धा तिनं पाहिलं नाही. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आज सगुणा पंधरा वर्षांची होती, आणि पाठमोरी चालताना डावा खांदा जरा वर धरायची. तसा तो धरायची तिची आईच, असं हरिहरपंत एकदाच बोलून गेले होते.

तेव्हापासून दर महिन्याला सगुणेच्या वाटचं सुमती बसत होती. पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट, वेगळा तांब्या, वेगळी थाळी. कुणाला शिवायचं नाही. नंदाला पाजायची वेळ झाली की सगुणा तिच्या अंगावरचं झबलं काढून तिला जमिनीवर ठेवायची, आणि उघडं मूल विटाळ नेत नाही या हिशेबानं नंदा रांगत आईकडे यायची. शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन म्हणायच्या, "माझं तर मूल चालायला लागेपर्यंत काही नसायचं हो. शिकलेल्या बायकांचं सगळंच लवकर वाटतं." सुमती पुस्तकातून डोकं वर काढायची नाही. खरं म्हणजे ते बसणं तिला हळूहळू आवडायला लागलं होतं. त्या दिवसांत घर तिच्यापासून चार हात दूर, पाण्याखाली असल्यासारखं हलायचं. आतून भाकरी थापल्याचा आवाज, पाटा सरकल्याचा आवाज, आणि सगुणा गुणगुणल्याचा. आवाज आपला नाही, काम आपलं नाही, विटाळही आपला नाही. मग आपलं काय, असा प्रश्न अर्धवट झोपेत यायचा आणि ऊन पायांवरून पुढं सरकलं की निघून जायचा. भीती वाटायची ती मात्र जागेपणी. सगुणेनं त्या दिवसांत देवापुढं दिवा लावलेला दिसला, लोणच्याच्या बरणीला हात लावलेला दिसला, की ती पुस्तकातली तीच ओळ पुन्हापुन्हा वाचत राहायची. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता, कॉलेजात तो पार धुऊन निघाला होता. तरी बरणीवर बुरशी आली तेव्हा तिनं कुणाला न सांगता ती परसात पुरली, आणि नंदाला ताप आला तेव्हा तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवताना ती मनातल्या मनात कुणाची तरी क्षमा मागत राहिली.

आणि याच महिन्यांत सगुणा एकटी हसायला लागली होती. विहिरीवर, तांदूळ निवडताना, कधी नुसतीच खिडकीशी. सुमतीनं पाहिलं होतं. पाहून तिनं मनाशी म्हटलं होतं, वयच आहे.

"मला पाणी हवंय," सगुणा आता म्हणाली आणि उठली. रंगभूमीवर शेळी आबासाहेबांच्या पगडीचं सुटलेलं टोक चघळत होती. सुमती काही क्षण थांबली, मग नंदाला खांद्यावर टाकून मागोमाग निघाली. तट्ट्याबाहेर ऊन एवढं पांढरं होतं की तळं दिसेचना, नुसती चकाकी दिसली. मग चकाकीतून घाट वर आला, पिंपळ आला, आणि पिंपळाखाली छत्री मिटून उभा असलेला रघुनाथ आला. सगुणेचा नवरा, एकोणीस वर्षांचा. दिवाळीला आला तेव्हा मान खाली घालून जेवून गेलेला. दोघांत दोन हात अंतर होतं. मधल्या पायरीवर पानात उकडलेले शिंगाडे ठेवलेले. एक तो सोलायचा, एक ती. सुमती तट्ट्याच्या सावलीत थांबली.

"तुझ्या नानांचं हसणं इथपर्यंत येतंय," रघुनाथ म्हणाला.

"कुणाला हसतायत ते त्यांना कळलेलं नाही."

"शेळी कशी आहे?"

"तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलते."

नवऱ्याला अरे-तुरे. सुमतीच्या अंगावर काटा आला. राग आला म्हणावा तर तसंही नव्हतं.

"आई यायची आहे," रघुनाथ म्हणाला. "चैत्रातल्या हळदीकुंकवाचं निमित्त करून. सरळ विचारणार आहे, मुलगी कधी पाठवता. नाना म्हणतील, लहान आहे."

"मी लहान आहे?"

"मला काय विचारतेस? मी ओहोटीबरोबर येतो नि भरतीबरोबर परत जातो. मचव्यावरचा गुणाजी तांडेल म्हणतो, तुमचं लगीन खाडीशीच लागलंय. दिवा गावाजवळच्या खाजणातनं येताना मिठागरांवरची माणसंसुद्धा ओळखायला लागलीत मला. हात करतात."

सगुणा हसली. तेच एकटीचं हसू, पण आज त्याला समोर माणूस होता. मग ती थांबून म्हणाली, "मला यायचंय रे. भीती वाटते, पण यायचंय. नानांना भीती माझी वाटत नाही, त्यांना आईची वाटते. मी आई नाही." रघुनाथानं शिंगाडा तसाच हातात धरला.

सुमतीला जायला हवं होतं, हाक मारायला हवी होती. पण तिच्या डोळ्यांपुढं कॉलेजचं फाटक उभं राहिलं. ती दहा वर्षांची असताना तिचं लग्न झालं, बिजवराशी, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हरिहरपंतांनी तिच्या वडिलांना सांगितलं, हिला शिकवा, मोठी होऊ द्या, मी घाई करणार नाही. आठ वर्षं त्यांनी घाई केली नाही. सगळं पुणं त्यांचं कौतुक करायचं. सुट्टीच्या दिवशी कुणाकुणाचे नवरे फाटकाशी येऊन उभे राहायचे, बहिणीला भेटायला आलो, पुस्तक द्यायला आलो, असली निमित्तं करून, आणि मुली गच्चीवरून एकमेकींना चिमटे काढायच्या. एकदा लाल पगडी दिसली. सुमती केस सारखे करून जिन्यापर्यंत धावली. तो दुसऱ्या कुणाचा नवरा होता. हरिहरपंतांची पुस्तकं यायची, भूगोलाची, आरोग्याची, टपालानं. आपला नवरा तत्त्वाचा माणूस आहे हे तिनं तेव्हा पाठ केलं होतं आणि आजही ते खरंच होतं. त्यांनी तिला जगवलं. तिची नंदा तिला अठराच्या पुढं झाली, सुखरूप झाली. पण तळ्याच्या पायरीवर दोन हात अंतर ठेवून बसलेल्या या दोन पोरांकडे बघताना तिला जे वाटलं ती काळजी नव्हती. तो हेवा होता. सावत्र लेकीचा हेवा. ते कळताच तिला एवढी लाज वाटली की तिनं नंदाचं डोकं गळ्याशी दाबून धरलं आणि ती आल्या पावली मांडवात परतली.

"कुठं होतात दोघी?" खेळ सुटल्यावर हरिहरपंतांनी विचारलं. हसून हसून त्यांचे डोळे ओले होते.

"नंदा रडत होती," सुमती म्हणाली.

सगुणेनं एकदाच तिच्याकडे पाहिलं. तिच्या बोटांना शिंगाड्यांचा काळपट डाग होता, तो तिनं पदरात घेतला. रस्ताभर हरिहरपंत पुढं चालत मागं वळून सांगत होते, "तो आबासाहेब म्हणजे आमच्या कोर्टातला नाझर, अगदी हुबेहूब. त्याच्या लेकीला बिचारीला खिडकीतसुद्धा उभं राहू देत नाही. असल्या माणसांना असंच हसलं पाहिजे." दोघी मागून चालत होत्या. ऊन उतरलं होतं, सावल्या लांब होऊन पुढच्या माणसाच्या पायांत जात होत्या. सुमतीला वाटत होतं, आता सांगावं. सांगितलं तर उद्यापासून खिडकी बंद, विहीर बंद, आणि पोर जिवंत. नाही सांगितलं तर काय होईल, तो विचार ती पुरा करत नव्हती. घर आलं. तिनं सांगितलं नव्हतं.

कमळाबाई चैत्रात आल्या, पण हळदीकुंकवाच्या दोन दिवस आधी, न कळवता. सुमती पडवीत गोणपाटावर होती, नंदा नुकतीच पिऊन शेजारी रांगत होती. दिवस सगुणेचे होते. रघुनाथाची आई उंच बाई, कपाळभर कुंकू, चालताना दम लागला तरी तो दिसू न देणारी. त्या पायऱ्या चढल्या आणि सुमतीसमोर थांबल्या.

"बसलायत वाटतं."

"हो."

"नि ही अजून अंगावर पिते?"

"हो."

"बरं आहे. ठाण्याचं पाणी वेगळं असेल." त्या झोपाळ्यावर टेकल्या. हरिहरपंत कोर्टाला सुट्टी म्हणून घरी होते, ते माजघराच्या दारात येऊन उभे राहिले. वाऱ्यापाण्याचं बोलणं झालं. मग कमळाबाई आत वळून म्हणाल्या, "सगुणे, पाणी आण बघू. आज माझा उपास आहे. सोवळ्यातलं पाणी लागतं मला, तुझ्या हातचं चालेल."

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, फार सावकाश. हा आवाज संपूच नये असं सुमतीला वाटलं. उपासाच्या बाईच्या हातात, देवाच्या नावानं, हे पाणी. भूगोल, आरोग्य, सगळी पुस्तकं कुठल्या कुठं गेली आणि ती लहान मुलीसारखी डोळे मिटून बसली. उघडले तेव्हा सगुणा उंबऱ्यात होती. तिनं सासूकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. हरिहरपंतांनी मान किंचित हलवली, दे म्हणून. सगुणेनं तांब्या उंबऱ्याच्या आत, खाली ठेवला. मग ती पडवी ओलांडून आली आणि सुमतीच्या शेजारी गोणपाटावर बसली. गोणपाट दोघींना पुरत नव्हतं. तिचा गुडघा सुमतीच्या गुडघ्याला लागला.

झोपाळ्याची कडी करकरायची थांबली.

"सगुणे, ऊठ," हरिहरपंत म्हणाले.

"नाही उठता येत, नाना. परवा उठेन."

कुंपणापलीकडे काकूंचा पोहरा विहिरीत अर्ध्यावर थांबला असावा, कारण तोही आवाज बंद झाला. कमळाबाई रागावतील, कधीपासून म्हणून विचारतील, याची सुमती वाट बघत राहिली. त्यांनी पदरानं मान पुसली. "साखर आहे का घरात?" त्या म्हणाल्या.

"तिच्या आईला सोळावं लागलं नव्हतं," हरिहरपंत म्हणाले. त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"माझी थोरली गेली तेव्हा तिलाही लागलं नव्हतं," कमळाबाई म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं, मी हौसेनं मागते? घरात दीर आहेत, भावकी आहे. मुलाला दुसरी बघा म्हणून वर्षभर माझ्या कानाशी लागलेत. दुसरी आली, की तुमची ही जन्मभर अशीच पडवीत राहील. सतरा काय, सत्तर होऊ देत."

हरिहरपंतांनी चौकटीला हात टेकला. त्या दिवशी मांडवात त्यांचा चेहरा सुमतीला दिसला नव्हता, नुसतं हसणं ऐकू आलं होतं. आता चेहरा दिसत होता आणि आवाज नव्हता. तिला वाटलं, उठून जावं, त्यांच्याजवळ उभं राहावं, पण शिवायचं नव्हतं. मघाशी ती खोटी बसली होती, आता सगुणेला लागून खरीच बाहेर झाली होती. सगुणा तिच्या कानाशी हलकेच म्हणाली, "वहिनी, आता तुम्ही उठा." सुमती उठली. विहिरीवर डोक्यावरून घागरी घेताना पाणी डोळ्यांतून, कानांतून वाहत होतं आणि घरातून साखरेच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तो डबा हरिहरपंतांनीच काढला होता.

मखर झालं. सगुणा हिरव्या लुगड्यात बसली, बायकांनी गाणी म्हटली, काकूंनी सगळ्यांत मोठ्यानं. वैशाखात भरती साधून ती गुणाजीच्या मचव्यातून गेली. बंदरावर ती रडली, मग मचवा वळताना तिनं हात केला, आणि तो बापाला होता की सावत्र आईला की नुसत्या ठाण्याला, ते उन्हात कळलं नाही. हरिहरपंत पाणी उतरेपर्यंत उभे होते. त्यांनी रघुनाथाला बाजूला घेऊन काही सांगितलं होतं. काय, ते त्यांनी सुमतीला सांगितलं नाही. रघुनाथाची मान मात्र बराच वेळ हलत होती.

आता आश्विन लागलाय. कल्याणहून येणाऱ्या माणसाबरोबर निरोप येतो, बरी आहे. दर वेळी तेवढाच. सुमतीला रात्र पडली की पुस्तक सुचत नाही, दिवसा नंदाच्या पावलांमागं धावताना मधेच ती थांबते, जणू कुणी पडवीतून हाक मारली. एकदा कोर्टाच्या कामाचं निमित्त काढून हरिहरपंत कल्याणला गेले. पारनाक्यावरून, त्या घरावरून चालत गेले आणि तसेच परत आले, तहानलेले. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नसतं, उंबऱ्यात टेकायचंही नसतं. कोर्टातला हा शिकलेला माणूस बाकी कितीतरी रीती मोडून बसला, ही मात्र त्याला मोडवत नाही. मोडली तर पोरीचं काही वाईट होईल, असं ते बोलून गेले. म्हणजे ज्या दिवसाची त्यांना एवढी धास्ती, तो दिवस पार पडल्यावरच त्यांना लेकीच्या हातचं पाणी मिळायचं. सुमतीचंही तेच. सावत्र असली तरी आईच ती.

तुम्हाला असलं बंधन नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल, तर पारनाक्याशी कमळाबाईंचं घर विचारा, कुणीही दाखवील. दारात थांबून घोटभर पाणी मागा. डावा खांदा जरा वर धरून जी घेऊन येईल, ती सगुणा. कशी आहेस म्हणून विचारू नका, बरी आहे म्हणेल. पाणी सावकाश प्या. ती आत वळताना भिंतीला हात टेकते का, पाय सुजलेत का, आणि हाक मारली तर दम लागून उत्तर देते का, तेवढं बघून या. परत आलात की सरळ सुमतीकडे या. हरिहरपंत घरी असले तरी चालेल. ते बोलणार नाहीत, पण त्यांच्या समोरच सांगा.